पक्क्या भिंतींच्या आड

माझं माहेर काष्टीचं. वडील आठवड्याच्या बाजारात पाल टाकून लुगडी विकायचे आणि माल नगरहून आणायचे. ज्या विणकराकडून ते लुगडी घेत, त्याच्याच घरात त्यांनी मला दिली. नवरा मागावर बसणारा, हाताचा चांगला, दारूचा नाद नाही, एवढं पाहून त्यांनी होकार दिला होता. त्याला मी त्या काळी 'हे' म्हणायचे. आता लिहिताना 'तो' म्हणते आहे, आणि ते मला जास्त खरं वाटतं.

आमची गल्ली वेशीबाहेर, एका नाल्याच्या कडेला होती. मातीच्या भिंती, वर पत्रे नाहीतर जुनी कौलं. प्रत्येक घरात जमिनीत खड्डा खणून माग बसवलेला. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसायचा, आणि पावसाळ्यात नाल्याचं पाणी जमिनीतून झिरपून त्या खड्ड्यात यायचं. आमच्या गल्लीतल्या पुरुषांचे गुडघे चाळिशीच्या आत सुजायचे आणि खोकला तर बारा महिने असायचा. पोरांना दर पावसाळ्यात हगवण. माझा पहिला मुलगा त्यातच गेला. सकाळी खेळत होता, दुपारी डोळे खोल गेले, आणि त्याला सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत तो माझ्या मांडीवर थंड झाला होता. त्याच आठवड्यात गल्लीतली आणखी दोन पोरं गेली. म्हणून पुढे नगरपालिकेची माणसं मोजमाप घ्यायला आली, इथली घरं पाडून पक्क्या खोल्या बांधणार, नळ आणि संडास देणार असं म्हणाली, तेव्हा मी आनंदानं रडले होते. ते मी लपवणार नाही.

मारहाण जुन्या गल्लीतही होती. लुगड्याचा काठ चुकला, सुताच्या कांड्या भरून झाल्या नाहीत, भाकरी करपली, कशावरूनही त्याचा हात उठायचा. पण तिथं मारणाऱ्याला फार वेळ मिळत नसे. आमची आणि शेजारच्या पिंजाऱ्याची भिंत एकच होती, आणि ती छतापर्यंत पोचतही नव्हती. पिंजाऱ्याची बायको, जिला सारी गल्ली चाची म्हणायची, अंगानं थोराड होती आणि आवाजानं त्याहून. इकडे भांडं आपटल्याचा आवाज झाला की भिंतीवरून ती विचारायची, "काय चाललंय रं?" आणि दुसऱ्यांदा विचारायची वेळ आली तर ती थेट दारात उभी राहायची. दार म्हणजे गोणपाटाचा पडदा. ती आत येऊन माझ्या नवऱ्याचं मनगट धरायची, आणि माझी सासू, जिला मी आत्या म्हणायचे आणि जी उंबऱ्याजवळ सूत भरायच्या रहाटावर बसलेली असे, तिला म्हणायची, "तुझं पोरगं माजलंय, बघ जरा." सासू मग उठून पोराच्या पाठीत एक धपाटा घालायची. तो चडफडत पुन्हा खड्ड्यात उतरायचा. मला दोन लागलेल्या असायच्या, पण तिसरी लागत नसे.

घरं पाडायला लोक आले ते उन्हाळ्यात. आधी सांगून गेले होते, तरी नेमका दिवस कुणाला ठाऊक नव्हता. सकाळी न्याहारीच्या वेळी गल्लीच्या तोंडाशी दोन ट्रक लागले, त्यांतून पहारी आणि घण घेतलेले मजूर उतरले आणि मागं पोलीस. बरेचसे लोक मुकाट्यानं सामान बाहेर काढायला लागले. माझ्या नवऱ्याच्या मागावर लुगडं चढवलेलं होतं. अर्ध्याहून जास्त विणून झालं होतं, पुढे उभ्या धाग्यांचा सगळा ताणा ओढून बांधलेला. ताणा तसाच उचलून नेता येत नाही. एक तर लुगडं पुरं करायचं नाहीतर धागे कापायचे. तो बाहेर आला, साहेबापुढे हात जोडले आणि म्हणाला, "उद्या संध्याकाळपर्यंत थांबा. एवढं लुगडं उतरू द्या." साहेब म्हणाला की मजूर आज आलेत, उद्या यायचे नाहीत.

तो पुन्हा आत गेला आणि खड्ड्यात उतरून विणायला बसला. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचा खटखट आवाज बाहेर ऐकू येत होता आणि शेजारच्या भिंतीवर घण पडत होते. आमची सामाईक भिंत पडली तेव्हा ढेकळं ताण्यावर आली. तरी तो विणत होता. मग दोन पोलीस आत शिरले. त्यांनी त्याच्या काखेत हात घालून त्याला वर ओढलं, त्यानं मागाचं लाकूड धरून ठेवलं, म्हणून एकानं त्याच्या बोटांवर लाठी मारली. पहिल्या लाठीला त्यानं सोडलं नाही. दुसऱ्या लाठीला डाव्या हाताची दोन बोटं मोडली. त्याला फरफटत बाहेर आणलं तेव्हा तो ओरडत नव्हता, नुसता तोंड उघडं टाकून श्वास घेत होता. मागून छत खाली आलं. माग, लुगडं, ताणा, सगळं मातीखाली गेलं. गल्लीतल्या तरण्या पोरांनी दगड उचलले, एका मजुराचं डोकं फुटलं, आणि मग पोलिसांनी समोर दिसेल त्याला झोडपायला सुरुवात केली. चाचीच्या पाठीवर लाठ्यांचे वळ उठले. माझी सासू रहाट पोटाशी धरून नाल्याच्या बाजूला बसली होती, तिला कुणी मारलं नाही. मी सहा महिन्यांची गरोदर होते. मी तिच्यामागं दडले.

खोल्या बांधून होईपर्यंत आम्हाला माळावर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. तो दुष्काळाचा काळ. पाणी टँकरनं यायचं, तेही रोज नाही. टँकर दिसला की बाया घागरी घेऊन धावायच्या आणि मग घागरीच हत्यारं व्हायच्या. एका बाईनं दुसरीच्या कपाळावर तांब्याची घागर हाणलेली मी पाहिली आहे. कातडी फाटून डोळ्यावर लोंबत होती आणि तरी ती बाई पाइपाखालची आपली जागा सोडत नव्हती. जुन्या गल्लीत या दोघी एकाच जात्यावर दळायच्या. माझी मुलगी त्याच शेडमध्ये जन्मली. बाळंतपण चाचीनं केलं.

पुढच्या पावसाळ्याआधी खोल्या तयार झाल्या. दोन मजली इमारतींची रांग, विटांच्या भिंती, शहाबादी फरशी, खाली नळ, मागं संडास. चिठ्ठ्या टाकून खोल्या वाटल्या. जुने शेजारी जुन्या शेजाऱ्यांजवळ राहावेत असं कुणाच्या मनात आलं नाही. आम्हाला पहिल्या इमारतीत वरची, अगदी टोकाची खोली मिळाली. चाचीला तिसऱ्या इमारतीत खालची. आमच्या भिंतीपलीकडे दुसऱ्याच वस्तीतून आणलेलं एक नवराबायकोचं जोडपं होतं. ते कुणाशी बोलत नसत.

त्या खोलीला मी नावं ठेवणार नाही. तो पावसाळा आला आणि गेला, पण माझ्या मुलीला एकदाही हगवण लागली नाही. इमारतीतलं एकही पोर दगावलं नाही. नवऱ्याचा खोकला दिवाळीपर्यंत थांबला. देवीची लस टोचायला नर्सबाई आली होती, ती पोरांची पोटं दाबून बघत म्हणाली की या वस्तीची तब्येत पालटली. तिचं म्हणणं खरं होतं.

पण फरशीत मागाचा खड्डा खणता येत नव्हता, आणि आमची खोली तर वरची. त्याची दोन बोटं वाकडी जुळली होती. तो दुसऱ्यांच्या मागावर बसायला गेला, पण जुन्या गल्लीतले बहुतेक माग मातीत गेलेले, उरलेल्यांवर त्यांचीच माणसं. मग तो मार्केटात हमाली करू लागला. आयुष्यभर बसून काम केलेला माणूस. पोत्याखाली त्याची पाठ वाकायची आणि दुसरे हमाल हसायचे. घरी आला की तो दाराला आतून कडी लावायचा. अशी कडी आमच्या घराला कधी नव्हती. भक्कम लोखंडी कडी, ती सरकताना होणारा आवाज मला आजही कुठंही ओळखू येईल.

आता मारणाऱ्याला वेळ होता. तो सावकाश मारायचा. आधी विचारायचा, मग उत्तर नीट नाही म्हणून मारायचा. केस धरून डोकं भिंतीवर आपटायचा. मातीच्या भिंतीवर डोकं आपटलं तर माती पडते. सिमेंटच्या भिंतीवर डोकंच फुटतं, हे मी तिथं शिकले. पहिल्यांदा मी मोठ्यानं हाका मारल्या. भिंतीपलीकडे बोलणं चालू होतं ते थांबलं, आणि मग त्यांनीही आपल्या दाराची कडी लावून घेतल्याचा आवाज आला. त्यानंतर मी हाका मारणं सोडलं. नळावर जायचे ती पदर पुढे ओढून, आणि चाचीची वेळ टाळून. तिनं पाहिलं असतं तर ती आली असती, आणि ती गेल्यावर मला दुप्पट पडली असती, असं मला वाटायचं.

सासूचं वेगळंच झालं. तिला जिना उतरवत नव्हता. जुन्या घरात ती उंबऱ्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी दिवसभर बोलायची, कुणाचं पोर सांभाळायची, कुणाच्या कांड्या भरून द्यायची. वरच्या खोलीत ती खिडकीशी बसायची आणि खिडकीतून समोरची भिंत दिसायची. तिचं जेवण कमी झालं. मग बोलणं कमी झालं. ज्या बाईनं पोराच्या पाठीत धपाटे घातले होते ती आता त्यानं माझे केस धरले की तोंड भिंतीकडे करायची. मला तिचा फार राग यायचा. तिच्यात काही उरलंच नाही असं मी धरून चालले होते.

ती चुकीची समजूत होती, हे एका दुपारी कळलं. तो कामावरून लवकर परतला. मार्केटात कुणीतरी त्याच्या वाकड्या बोटांवरून काही बोललं होतं आणि त्यानं त्याला ठोसा मारला होता, म्हणून मुकादमानं हाकलून दिलं होतं. त्यानं कडी लावली. मुलगी दुडदुडत होती, तिनं पाण्याचा तांब्या लवंडला. तो तिच्याकडे वळला. आजवर त्यानं तिला हात लावला नव्हता. मी मध्ये पडले तेव्हा त्यानं माझा डावा हात पिरगाळला आणि मनगटात काहीतरी तुटल्यासारखं झालं. तेवढ्यात सासू उठली. कित्येक महिने ती भिंत धरून उठायची, त्या दिवशी ती सरळ उठली आणि पोराच्या आणि नातीच्या मध्ये उभी राहिली. म्हणाली, "तिला हात लावलास तर तुझी माझी नाळ तुटली म्हणून समज."

त्यानं तिला ढकललं. मारलं नाही, बाजूला सर अशा बेतानं ढकललं. पण तिच्यात वजन उरलेलं नव्हतं. ती दाराच्या चौकटीवर कमरेवर पडली आणि असा आवाज आला की मला वाटलं चौकटच मोडली.

तो तिच्याकडे बघत उभा राहिला. कोनाड्यात त्याचा जुना धोटा होता, ढिगाऱ्यातून उकरून आणलेला. शिसवी लाकूड, दोन्ही टोकांना लोखंड. मी तो उजव्या हातात घेतला आणि त्याच्या कानामागं हाणला. तो वाकला तेव्हा पुन्हा हाणला, आणि मग किती वेळा ते मला सांगता येणार नाही. त्याच्या डोक्यातून रक्त शहाबादी फरशीवर आलं आणि फरशीच्या सांध्यांतून वाहू लागलं. तो गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी डोकं झाकत होता. मुलगी किंचाळत होती. मला त्या वेळी भीती वाटली नाही, दयाही वाटली नाही. हात दमला म्हणून मी थांबले.

मग मी कडी काढली, मुलीला काखेत घेतलं, जिना उतरले आणि तशीच रक्ताच्या लुगड्यानं तिसऱ्या इमारतीत गेले. वाटेत माणसं बाजूला होत होती. चाची दारात कापूस पिंजत बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या लोंबत्या मनगटाकडे पाहिलं. मी म्हणाले, "आत्या पडल्यात. मोडलंय काहीतरी." तिनं एवढंच विचारलं, "आणि तो?" मी म्हणाले, "जिता हाय."

ती उठली आणि वाटेतली एकेक कडी वाजवत चालू लागली. जुन्या गल्लीतल्या बाया, कुणी वरून, कुणी मागच्या इमारतीतून, निघून आल्या. कपाळावर घागरीची खूण असलेली ती बाई आली, आणि जिनं ती खूण केली तीही आली. आमच्या खोलीत शिरल्यावर त्यांनी आधी सासूला उचलून घोंगडीवर घेतलं. मग त्याच्याकडे वळल्या. तो भिंतीला टेकून बसला होता. चाचीनं त्याची कॉलर धरून त्याला उभा केला आणि थोबाडीत मारली, आणि मग बाकीच्या बायांनी. चपलांनी, लाटण्यानं, हातानं. तो प्रतिकार करत नव्हता. भिंतीपलीकडचा तो अबोल शेजारी दारात येऊन म्हणाला, पुरे करा, मरेल तो. चाची त्याला म्हणाली, "इतके दिस तुला ऐकू येत हुतं न्हवं? आता बघ तरी." कामावरून आलेल्या चाचीच्या मुलाला तिनं खिळे उपटायचा अंबूर आणायला लावला आणि आमच्या दाराची कडी उपटून काढली.

सासूच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. माझं मनगट. आणि नवऱ्याचं डोकं. तिघांना एकाच टांग्यातून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं काय झालं, तर सासू म्हणाली, जिन्यावरून पडलो. आणि आम्ही दोघांनी माना हलवल्या. खुबा जुळणार नाही, आता ही बाई चालणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

तिला वर कसं न्यायचं हा प्रश्न आला तेव्हा चाचीच्या समोरच्या खालच्या खोलीतल्या लोकांनी अदलाबदल करायला होकार दिला. त्यांना तळमजल्यावर डास फार लागायचे, वर जायचंच होतं. बायांनी दोन्ही घरांचं सामान एका सकाळी हलवलं आणि सासूला बाजेसकट उचलून नेलं. त्या खोलीची कडीही चाचीनं उपटली आणि दारात गोणपाटाचा पडदा लावला. ते पाहून आणखी दोन घरांनी आपसांत खोल्या बदलल्या, मग आणखी काहींनी. होता होता जुन्या गल्लीतले बरेच लोक पुन्हा एकमेकांच्या समोर आले. नगरपालिकेचा एक कारकून आला आणि ज्याला जो नंबर दिला तिथंच राहावं लागेल, नाहीतर पोलीस आणीन म्हणाला. बायांनी त्याला चौकात घेरलं. कुणी त्याच्या अंगाला हात लावला नाही, पण वाटही दिली नाही. कपाळावर खूण असलेली बाई त्याला म्हणाली, "पोलीस आना. आमी त्यांना बघितलंय." तो गेला आणि पुन्हा कुणी त्या गोष्टीसाठी आलं नाही.

नवरा डोक्याची पट्टी निघाल्यावर मालेगावला यंत्रमागावर कामाला गेला. कुणाला न सांगता गेला. वर्षाहून जास्त काळ आला नाही. मी चाचीबरोबर गाद्या शिवायला लागले. मनगट वाकडं जुळलं आहे, पण कापड धरून शिवता येतं. सासूची बाज आम्ही दारातच ठेवली होती. येणारी जाणारी तिच्यापाशी टेकायची, पोरं तिच्या बाजेखाली खेळायची, आणि ती पडल्यापडल्या सगळ्यांच्या कांड्या भरून नाही तरी लसूण सोलून द्यायची. तिचं जेवण वाढलं. चालता येत नव्हतं, तरी वरच्या खोलीतल्या चालत्या बाईपेक्षा ही बाजेवरची बाई मला जास्त धडधाकट वाटायची.

तो परत आला तेव्हा सकाळची वेळ होती आणि दारात नळाच्या रांगेतल्या बाया बसलेल्या होत्या. यंत्रमागाच्या खडखडाटानं त्याच्या एका कानाला कमी ऐकू यायला लागलं होतं. तो बाहेरच उभा राहिला. चाची उठून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी त्याला आत ये म्हणाले नाही आणि जा असंही म्हणाले नाही. मी म्हणाले, "राहायचं तर या दारापाशी राहावं लागंल. दाराला पडदा हाय, कडी न्हाई." त्यानं मान हलवली. त्यानंतर एकदाच त्याचा हात उठला, मुलीच्या शाळेवरून, आणि तो हात खाली यायच्या आत समोरच्या दारातून चाचीनं विचारलं, काय चाललंय रं. त्यानं हात खाली घेतला. पुन्हा उठला नाही. त्याला मी माफ केलं का, असं मुलगी मोठी झाल्यावर विचारायची. मी तिला सांगायचे की मला ते नीट ठाऊक नाही. मी त्याच्याबरोबर म्हातारी झाले, एवढं खरं.

त्याच्या आईनं मात्र नाळ तुटल्याचा शब्द पाळला. तो परत आल्यावर ती चार पावसाळे जगली आणि त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. तो रोज पहाटे नळावर पहिला उभा राहायचा, तिच्यासाठी वेगळी घागर भरून आणायचा आणि तिच्या बाजेच्या उशाशी ठेवायचा. ती ते पाणी प्यायची, पण तांब्या माझ्या हातून घ्यायची.